होडी दारात आहे, कागद कुठे आहेत?

मे संपत आला की होड्या वर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात, आणि मग घरात बसलेल्या माणसाला ट्रंक उघडून कागद बघायची आठवण होते. त्यामुळे या दिवसांत मला येणारी निम्मी पत्रं कागदांचीच असतात. यावेळी चार घेतलीत, चारही एकाच दुखण्याची. मी मच्छीमार सोसायटीच्या दफ्तरात बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे ही उत्तरं वकिलाची नाहीत, रजिस्टरं चाळणाऱ्या माणसाची आहेत, भांडण कोर्टापर्यंत गेलेलं असेल तर वकीलच गाठा.

प्रश्न : दादा नमस्कार. माझे बाबा २०१९ ला गेले. त्यांची २८ फुटी लाकडी होडी आहे, आतल्या इंजिनाची. १९८८ च्या सुमारास सुतारानं आमच्या आगरातच बांधली, तो सुतारही आता नाही. निसर्ग वादळात घराचे पत्रे उडाले, ट्रंक भिजली आणि होडीच्या कागदांचा लगदा झाला. नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, नंबर होता पण नंतर दोनदा रंग काढला आणि नंबर परत घातलाच नाही, बाबा आजारी होते तेव्हा. भाऊ मुंबईला असतो, तो म्हणतो मोडून लाकूड विकून टाक. मला ती दुरुस्त करून चालवायला द्यायची आहे. फिशरीजच्या ऑफिसात गेले तर म्हणाले जुना कागद आणा नाहीतर नवीन बोट म्हणून अर्ज करा. आता काय करू? — एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, नवीन बोट म्हणून अर्ज लगेच भरू नका. तुम्हीच लिहिलंय की नाळीवर नंबर होता, म्हणजे होडी कधीतरी नोंदलेली होती, म्हणजे तुम्हाला नवी नोंद नकोच आहे, तुम्हाला जुन्या नोंदीची नक्कल हवीय आणि मग ती वारसाच्या नावावर करून हवीय. ही दोन कामं एकदम वेगळी. नवीन म्हणून गेलात तर बांधायची परवानगी घेतली होती का, सुताराचा दाखला कुठाय, इंजिनाचं बिल कुठाय, हे सगळं शून्यापासून उभं करा, आणि एवढं करून उद्या जुनी नोंद कुठल्यातरी कपाटातून वर आली की एकाच होडीला दोन नंबर होऊन बसतात, मग ते निस्तरता निस्तरता दोन मोसम जातात. आमच्या सोसायटीत एका सभासदाचं असंच झालं होतं, माणूस प्रामाणिक, पण चौकशी झाली ती झालीच, आणि होडी तोपर्यंत वाळूत पडून उकलली.

आता बाबांकडे कागद कुठले कुठले असणार ते समजून घ्या, कारण शोधायचं काय ते माहीत नसलं तर सापडत नाही. आपल्याकडे सगळ्यालाच लायसन म्हणतात, पण नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा. नोंदणी हा होडीचा जन्मदाखला, ती १९५८ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टखाली होत आली, त्या कायद्यात मासेमारी बोटींसाठी वेगळा भाग १९८३ च्या दुरुस्तीनं घातला गेला. (२०२५ मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केलाय, म्हणून सध्या फॉर्म कुठला चालतो ते ऑफिसातच विचारून घ्या, जुन्या झेरॉक्सवर भरू नका.) आणि परवाना म्हणजे जाळं टाकायची मुभा, तो राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो, त्याला मुदत असते, रिन्यू करावा लागतो. आता यात तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की बाबा जितक्या वेळा परवाना रिन्यू करायला गेले तितक्या वेळा त्यावर होडीचा नंबर लिहिला गेला. म्हणजे नोंदणीचा कागद गेला तरी परवान्याच्या वहीत तो नंबर आहे, डिझेलच्या वहीत आहे, विम्याच्या पॉलिसीत आहे. होडीचा कागद एका ट्रंकेत असतो पण होडीचा नंबर दहा ठिकाणी सांडलेला असतो, तो वेचायचा.

सुरुवात होडीपासूनच करा. नाळीच्या दोन्ही अंगांना जिथे नंबर असायचा तिथला रंग एकदम पत्रीनं खरवडू नका, आधी सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन तिरकं असताना बघा, जुन्या अक्षरांचा जाड रंग खाली असेल तर वरच्या रंगात त्याची कड उठलेली दिसते. दिसली की त्याचा फोटो काढा, मग बारीक पॉलिशपेपर ओला करून हळूहळू एकेक थर उतरवा, प्रत्येक थराला फोटो. घाई केलीत तर नंबरही रंगाबरोबर जाईल. मग इंजिनाकडे या. इंजिनाचा नंबर पट्टीवर असतो आणि ब्लॉकवरही ठोकलेला असतो, पट्टी खाऱ्या हवेनं खाल्लेली असली तरी ब्लॉकवरचा बहुतेक वेळा वाचता येतो, ग्रीस पुसा, त्यावर पांढरा खडू फासा आणि फडक्यानं वरवर पुसा, खोलगट आकड्यांत खडू राहतो. किंवा कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासा, तो कागदच पुरावा म्हणून जपून ठेवा. लाकडी होडीला कंपनीचा नंबर कधीच नव्हता, तेव्हा इंजिनाचा नंबर आणि होडीची मापं हीच तिची ओळख.

मग सोसायटीत जा. बाबा सभासद असणार, नसतील तर हर्णैसारख्या बंदरात होडी चालवणं कठीणच. सेक्रेटरींना नुसतं कागद आहे का विचारू नका, ते नाही म्हणतील आणि खरंच त्यांच्याकडे तुमचा कागद नसेल, तुम्ही सभासद रजिस्टर मागा, डिझेल वाटपाची वही मागा, डिझेलच्या परताव्याचे जुने क्लेम मागा, शिफारसपत्रांची जावक वही मागा. आणि कर्ज घेतलं होतं का ते आईला विचारा. त्या काळात एनसीडीसीचं (राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं) कर्ज सोसायट्यांमार्फत पुष्कळ नाखव्यांनी, म्हणजे होडीच्या मालकांनी, घेतलंय, तसं असेल तर कर्जाच्या फाइलीत होडीची लांबी रुंदी, इंजिनाचा नंबर, सुताराचं नाव, सगळं असतं. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा उतरवल्याचा कागद झालाय का ते त्याच वेळी बघा, नाहीतर नावावर करताना तिथेच अडेल.

हे करूनही पूर्ण नंबर मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज लिहा, आणि प्रश्न नेमका विचारा, माझ्या होडीची माहिती द्या असं मोघम नको, अमुक नावाच्या नाखव्याच्या नावे, हर्णै बंदर, १९८७ ते २०१९ या काळात नोंदलेल्या मासेमारी नौकेच्या नोंदवहीतल्या पानाची आणि परवाना नूतनीकरणाच्या पानांची प्रमाणित प्रत द्यावी, असं लिहा. प्रमाणित हा शब्द सोडू नका, त्या शिक्क्यामुळे ती प्रत पुढे दाखवता येते. अलीकडे मासेमारी बोटींची नोंदणी रिअलक्राफ्ट या केंद्राच्या ऑनलाइन सिस्टीमवर होते, बाबांच्या हयातीत होडीची माहिती त्यात चढवली गेली असेल तर नंबर आयएनडी, मग एमएच, मग जिल्ह्याचा आकडा, मग बोटीच्या प्रकाराची अक्षरं आणि शेवटी क्रमांक असा असेल. रंगाखाली तुम्हाला सापडेल तो याहून जुन्या पद्धतीचा असू शकतो, घाबरू नका, परवाना अधिकाऱ्यांना दोन्ही सांगा, बाबांचं नाव आणि इंजिन नंबर द्या आणि जुन्या नोंदीशी जुळतंय का बघायची लेखी विनंती करा. तोंडी विनंतीला आवक क्रमांक नसतो.

नोंद सापडली तर पुढचं सोपं. कागद गहाळ झाल्याची पोलीस ठाण्यात खबर द्या, त्याची पावती घ्या, प्रतिज्ञापत्र करा आणि दुय्यम प्रत मागा. सोबत बाबांचा मृत्यूदाखला, वारसांचा कागद आणि भावाचं संमतीपत्र. हे भावाचं मी मुद्दाम लिहितोय. ताई, तो लाकूड विकायचं म्हणतोय म्हणजे त्याचाही हक्क त्यात आहे, तो डावलून तुम्ही एकटीच्या नावावर करायला गेलात तर एक हरकतीचा अर्ज तुमचं सगळं काम थांबवू शकतो. गणपतीला तो घरी येईल तेव्हा आईसमोर बसून ठरवा, त्याला त्याच्या वाट्याची रक्कम लिहून द्या आणि सही घ्या. आणि पत्रात तुम्ही लिहिलंत की चालवायला द्यायची आहे, तर ज्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, द्याल त्याच्याशीही कागदावरच बोला, नोंद तुमच्या नावे आणि होडी दुसऱ्याच्या हातात असली तर समुद्रात काही झालं तर विचारणा तुम्हालाच होणार.

समजा नोंद कुठेच सापडली नाही. होतं असं, जुन्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या असतात, ऑफिसं बदललेली असतात. मग होडी जुनी आहे आणि तुमचीच आहे हे दोन मुद्दे वेगवेगळे सिद्ध करायचे. सुतार नाही, पण त्याचा मुलगा किंवा हाताखाली काम केलेला कोणी असेल ना, त्याच्याकडून लिहून घ्या की होडी कोणी, कुठे, साधारण कधी बांधली, लाकूड कुठलं. शेजारच्या दोन नाखव्यांची प्रतिज्ञापत्रं, सोसायटीचा ठराव, ग्रामपंचायतीचा दाखला, जुने फोटो. फोटोंना कमी लेखू नका, नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करतानाचा एखादा फोटो प्रत्येक कोळ्याच्या घरात असतो आणि त्यात नाळीवरचा नंबर हमखास येतो, पाहुण्यांच्या अल्बममध्येही बघा, लग्नाच्या अल्बममध्ये बघा. मला एकदा एका होडीचा नंबर मुंजीच्या फोटोत मागे सापडला होता.

माप घेताना नाळीच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरळ, टेप ताणून, फळीच्या वळणावरून नाही, वळणावरून घेतलं की एक दोन फूट जास्त येतं आणि मग पाहणीला आलेल्या माणसाच्या मापाशी जुळत नाही. रुंदी जिथे सगळ्यात जास्त तिथली. फॉर्मवर मीटर लागतात, २८ फूट म्हणजे साडेआठ मीटरच्या जरा वर. आणि हे सगळं पावसाळी बंदीतच उरका, १ जून ते ३१ जुलै, होडी वर असते, खालचा पठाण (तळाचा कणा), वाकं (फासळ्या), सगळं उघडं दिसतं, अधिकारी प्रत्यक्ष बघायला येऊ शकतात. १ ऑगस्टनंतर त्यांनाही वेळ नसतो आणि तुम्हालाही.

एक राहिलं, लगदा झालेले कागद. टाकून दिले नसतील तर टाकू नका. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, उन्हात टाकू नका, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवून सावलीत वाळवा, कागद बदलत राहा, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, मागच्या वादळानंतर किती जणांनी अर्धवट ओले कागद लॅमिनेट करून कायमचे घालवले ते मी बघितलंय. टाइप केलेली अक्षरं आणि शिक्के पुष्कळदा टिकतात, शाईचं पेन जातं. एवढासा तुकडा, त्यावर चार आकडे आणि अर्धा शिक्का असला तरी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्जासोबत दाखवा.

आणि मोडू नका हो. होडी चालण्याजोगी असेल तर कागदाच्या त्रासापायी मोडू नका.

प्रश्न : आमची खाडीत वल्ह्यानं चालणारी छोटी होडी आहे, इंजिन नाही, आजोबांपासूनची. कधी कोणी कागद विचारला नाही. हिलाही नंबर लागतो का? — एक वाचक, जैतापूर खाडी

उत्तर : मासे पकडायला वापरत असाल तर लावून घ्या. बिगर यांत्रिक होडीचीही नोंद होते, तिच्यासाठी वेगळा प्रकारच आहे, आणि यांत्रिक बोटीपेक्षा काम हलकं, इंजिनाचं बिल नाही, इंजिनाचा नंबर नाही. आजवर कोणी विचारलं नाही हे खरं, पण वादळानंतर नुकसानीचा पंचनामा करायला माणसं येतात तेव्हा पहिला प्रश्न नोंदीचा असतो, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याची होडी फुटली तरी यादीत नाव घालायला मारामार. पावसाळी बंदी बिगर यांत्रिक होडीला लागू नाही हेही लक्षात ठेवा, म्हणजे जून जुलैत खाडीत तुमचीच होडी फिरताना दिसणार, तेव्हा हातात कागद असलेला बरा. पुढे मागे मागच्या फळीला छोटं आऊटबोर्ड इंजिन लावायचा विचार असेल तर मात्र आधी ऑफिसात सांगा, इंजिन लागलं की होडीचा प्रकार बदलतो, परवाना बदलतो, बंदीही लागू होते.

प्रश्न : भाऊ, मी गोव्याहून जुनी फायबरची स्पीडबोट घेतली, १७ फूट, आऊटबोर्ड इंजिन. विकणारा म्हणतो अमेरिकन आहे, कागद हरवले. हल नंबर म्हणून काही असतो असं मोबाइलवर बघितलं पण माझ्या बोटीवर तो दिसत नाही, मागच्या बाजूला घासल्यासारखं वाटतं. अर्धे पैसे दिलेत. डॉल्फिन दाखवायला वापरायची आहे. मित्र म्हणतो फिशरीजकडे मासेमारीची म्हणून नोंद कर, ते लवकर होतं. — एक वाचक, देवबाग

उत्तर : उरलेले अर्धे पैसे देऊ नका. बाकीचं नंतर सांगतो, आधी हे.

हल नंबर, म्हणजे बोटीच्या अंगावरचा ओळख नंबर, काय ते बघू. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या बोटीवर बनवणाऱ्यानं हा नंबर घालायचा असतो, बारा अक्षरं आणि आकडे मिळून, पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची खूण. जागा ठरलेली, बोटीच्या पाठफळीवर, म्हणजे जिथे आऊटबोर्ड टांगतात त्या फळीवर, उजव्या हाताला वरच्या कडेजवळ. उजवा हात म्हणजे पुढे तोंड करून उभं राहिल्यावरचा उजवा, मागे तोंड करून बघताना चुकतं. १९८४ पासून हाच नंबर दुसऱ्यांदा एखाद्या न दिसणाऱ्या जागी पण घालावा लागतो, आतल्या बाजूला किंवा एखाद्या फिटिंगच्या खाली. युरोपातल्या बोटीला असाच पण चौदा अक्षरांचा, सुरुवातीला देशाची दोन अक्षरं. अमेरिकेत घरी बांधलेल्या किंवा नंबर नसलेल्या जुन्या बोटीला तिथलं राज्य सरकार नवा नंबर नेमून देतं. १९७२ च्या आधीची बोट असेल तर नंबर नसणं साहजिक आहे, त्यात चोरीचं काही नाही.

पण तुम्ही लिहिताय की घासल्यासारखं वाटतं, आणि नंबर नसणं आणि नंबर घासलेला असणं यात मोठा फरक आहे. बॅटरी तिरकी धरून ती जागा बघा, फायबरवर नुसता रंग गेलाय की जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) खोलवर खरवडलाय. मग आत हात घालून, फिटिंग सोडवून दुसरा नंबर शोधा. दोन्हीकडे घासलेलं निघालं तर ती बोट तिथेच ठेवून परत या, तुमचे अर्धे पैसे बुडाले तरी परवडेल.

आणि नंबर सापडला म्हणून इथे काम झालं असंही नाही. आपल्याकडे नोंद करताना परदेशी हल नंबरापेक्षा बोट देशात आली कशी हा प्रश्न मोठा असतो. बाहेरून आलेल्या बोटीला कस्टमचं बिल ऑफ एंट्री असतं, त्यावर ड्युटी भरल्याचं असतं. ते नसेल तर उद्या कस्टमवाले ती बोट जप्त करू शकतात, मग तुमच्याकडे विक्रीचा कितीही चांगला करार असो. विकणाऱ्याला सांगा, बिल ऑफ एंट्रीची प्रत, आणि गोव्यात ही बोट वापरात होती तर तिथल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडच्या नोंदीची प्रत आणि ती नोंद काढून टाकल्याचा किंवा हरकत नसल्याचा दाखला, हे तो आणून देईल तेव्हाच बाकी पैसे. त्याचे कागद खरंच हरवले असतील तर त्याच्या नावानं दुय्यम प्रत त्यालाच मिळणार, तुम्हाला नाही, म्हणून हे काम त्याच्याच गळ्यात राहू दे.

आता मित्राचा सल्ला. ऐकू नका. मासेमारीची नोंद मासेमारीसाठी असते. प्रवासी बसवायचे तर काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे, आपल्या बाजूला वेंगुर्ला बंदर समूहाचं प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याचं कार्यालय. तिथे बोटीचा सर्व्हे होतो, किती माणसं बसवायची तो आकडा ठरतो, लाइफ जॅकेटं मोजली जातात, चालवणाऱ्याकडे सर्टिफिकेट आहे का बघतात. आणि तुम्ही कर्लीच्या खाडीतच फिरवणार की संगमाच्या बाहेर समुद्रात जाणार हे तिथे स्पष्ट सांगा, कारण आतल्या पाण्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, १९१७ चा जुना जाऊन आलेला, आणि बाहेर समुद्रात गेलात की नियम बदलतात. डॉल्फिन तर बाहेरच दिसतात.

हे सगळं वेळखाऊ आहे हे मला माहीत आहे, सीझन डोक्यावर आहे, कर्ज काढलं असेल. पण २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि माणसं गेली, ते तुमच्या गावापासून किती लांब आहे? आपल्या किनाऱ्यावर लोक विश्वासानं पोरंबाळं घेऊन बोटीत चढतात, बोट कुठली, तिचा नंबर काय, किती माणसं झेपतात हे त्यांना विचारता येत नाही, विचारायचं कळतही नाही. ते आपण विचारलेलं असलं पाहिजे. आणि मासेमारीच्या नोंदीवर प्रवासी बसवून काही झालं तर विमा कंपनी पहिल्याच पानावर हात वर करेल.

प्रश्न : माझ्या नव्या बोटीला नंबर मिळायला उशीर होतोय. आमच्याकडे एकाची जुनी बोट मोडली, तो म्हणतो माझा नंबर घे, तुझ्या बोटीवर टाक, रक्कम सांगितलीय. पर्ससीनचा (मोठ्या घेर जाळ्याचा) परवाना पण आहे म्हणे त्यावर. पुष्कळजण करतात. करू का? — एक वाचक, रेवदंडा

उत्तर : नका करू.

पुष्कळजण करतात हे मला माहीत आहे, आणि का करतात तेही. २०१६ च्या फेब्रुवारीतल्या सरकारी अधिसूचनेनं पर्ससीनचे नवे परवाने थांबले, तेव्हापासून जुन्या नंबराला भाव आला, मोडलेल्या बोटीपेक्षा तिचा नंबर महाग झाला. पण तुम्ही विकत घेताय काय ते बघा. त्या नोंदीवर दुसऱ्या होडीची लांबी आहे, दुसरं इंजिन आहे, दुसरा मालक आहे. पाहणीला टेप लागला की पहिल्या मिनिटात उघड. आणि समुद्रात बोट बुडाली, खलाशी बेपत्ता झाले, तर कोस्ट गार्ड आणि सागरी पोलीस ज्या नंबराच्या बोटीला शोधतील ती बोट कधीच मोडून चुलीत गेलेली असेल. तुमच्या खलाशांच्या घरच्यांना मग तुम्ही काय सांगणार? विमा त्या होडीचा, भरपाई त्या मालकाची.

तुमच्या रायगडच्या किनाऱ्याला तर हे मी सांगायची गरज नाही. १९९३ ला शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं ते सगळ्यांना माहीत आहे. २००८ ला कुबेर नावाची मासेमारी बोट समुद्रात पळवून, तिच्या तांडेलाला मारून अतिरेकी मुंबईपर्यंत आले, आणि त्यानंतर आपल्या प्रत्येक नाखव्याला, खलाशाला कार्ड, टोकन, तपासणी यातून जावं लागतंय, गुन्हा नसताना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला एक रिकामी बोट लागली, आत रायफली, सगळा जिल्हा नाकाबंदीत. ती बोट कोणाची, कुठून वाहत आली हे कळलं तेव्हाच लोकांचा श्वास खाली बसला. बोटीची ओळख पटणं म्हणजे काय ते त्या दिवशी तुमच्या भागातल्या लहान पोरालाही समजलं असेल. अशा किनाऱ्यावर खोटा नंबर घालून फिरायचं नाही.

उशीर का होतोय ते लेखी विचारा. अर्ज कुठे अडलाय, कुठला कागद कमी आहे, त्रुटीचं पत्र मागा, तोंडी उद्या या परवा या यावर फिरू नका. बहुतेक वेळा बांधणीच्या परवानगीतलं माप आणि प्रत्यक्ष बोटीचं माप यात फरक निघतो, सुतारानं हौसेनं दोन फूट वाढवलेले असतात, तसं असेल तर खरं माप सांगून दुरुस्तीचा अर्ज द्या. नंबर नसताना बोट पाण्यात नेऊ नका, इंजिन चालवून बघायचं असेल तर ऑफिसला पत्र देऊनच.

आणि ज्यानं तुम्हाला नंबर देऊ केला त्यालाही माझ्याकडून एक निरोप द्या. बोट मोडली असेल तर तिची नोंद रद्द करून घे म्हणावं. मोडतानाचे फोटो, सोसायटीचं पत्र, मूळ कागद परत, आणि इंजिन कोणाला विकलं त्याची पावती, एवढं घेऊन ऑफिसात गेलं की होतं. इंजिन तुम्हीच घेणार असाल तर त्याच्या नंबरासकट पावती त्याच्याकडून लिहून घ्या, पुढे तुमच्या नोंदीला तीच लागणार आहे.